शताब्दीच्या प्रदर्शनात एक कपाट मिळालंय, त्यात काय ठेवू?

खणातली चिमणी:

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आमच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला १०० वर्षं पूर्ण होतात. पक्ष्यांचा आणि सस्तन प्राण्यांचा संग्रह मी सांभाळते, त्याला २७ वर्षं झाली. शताब्दीनिमित्त मोठं प्रदर्शन आहे. दर्शनी दालनाला नवा रंग, नवे दिवे, भिंतभर पडदा आणि त्यावर चालणारा डायनोसॉर, असं बरंच काही ठरलंय. त्यातलं बरंचसं मलाही आवडलंय. मागच्या खोल्यांतल्या संग्रहाच्या वाट्याला एक काचेचं कपाट आलंय. सात फूट लांब, दीड फूट खोल. त्यात काय ठेवायचं ते मी ठरवायचं आहे. तुमचं मत हवंय, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

लोकांना संग्रहालयात दिसतात ते पेंढा भरून उभे केलेले प्राणी. काचेचे डोळे, खोटी फांदी, मागे रंगवलेलं जंगल. आमचा खरा संग्रह मात्र लाकडी खणांत असतो. तिथले पक्षी उताणे निजवलेले असतात, पंख अंगाला चिकटून, डोळ्यांच्या जागी कापूस. पायांवर पाय टाकून दोऱ्याने बांधलेले आणि त्या दोऱ्याला एक चिठ्ठी. पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा कसंतरीच होतं. पण ती चिठ्ठी वाचायला लागलं की हात थांबतो. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, पंखाची लांबी किती, पोटात काय सापडलं. डोळ्यांचा, चोचीचा आणि पायांचा रंग तर हटकून लिहिलेला असतो, कारण पिसांचा रंग टिकतो आणि हे रंग मेल्यावर लवकर उडून जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका खाटीक पक्ष्याच्या डोळ्याचा रंग आज जगात फक्त त्या दीड इंच कागदावर आहे.

आता मुद्द्याचं. मी नोकरीला लागले त्यानंतर दोनच वर्षांनी संग्रहालयाचा अमृतमहोत्सव झाला. तेव्हा खणांतले २३ पक्षी बाहेर मांडायचं ठरलं. पायाला लोंबणाऱ्या पिवळट चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत, त्या काढा, पाकिटात ठेवा, नंतर परत बांधू, असं वरून सांगण्यात आलं. मी नवी होते, पण यात काय धोका आहे ते मला कळत होतं. कळूनही मी बोलले नाही. कात्री माझ्या हातात होती. २३ दोरे मी कापले. प्रत्येक पक्ष्याला पेन्सिलीने क्रमांक घातलेला कागद जोडला होता, त्यातले बरेच मांडणीच्या गडबडीत गळून पडले. प्रदर्शन संपल्यावर पाकीट उघडलं, तर चार पक्ष्यांच्या चिठ्ठ्या लगेच जुळल्या, कारण त्या त्या जातीचा तो एकेकच पक्षी होता. राहिले १९. आठ चंडोल, सहा खाटीक, पाच धोबी. चिठ्ठ्याही १९च आहेत, एकही हरवलेली नाही. फक्त कोणती कोणाची ते सांगता येत नाही.

ते १९ पक्षी एका वेगळ्या खणात आहेत आणि चिठ्ठ्यांचं पाकीट त्यांच्या उशाशी. मधल्या काळात दोनदा कोणी अभ्यासक चंडोल बघायला आले, तेव्हा त्यांना सांगावं लागलं की हे आठ सोडून बाकीचे बघा. ते विचारतात, का? मी सांगते.

तर दोन प्रश्न आहेत. एक, कपाटात हे १९ ठेवू का? की लोक आनंदाने सोहळ्याला येतायत, तिथे आपली चूक मांडू नये? दुसरा, चिठ्ठ्या जुळवायचा काही मार्ग कोणाला सुचतो का? जातीपुरतं जुळलंय, त्यापुढे मी अडलेय.

फळा आणि खडू:

ताई, मी ३४ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. दर वर्षी मुलांना संग्रहालयात घेऊन जायचो आणि दर वर्षी एक तरी मुलगा विचारायचा, "सर, एकाच जातीचे इतके पक्षी कशाला मारून ठेवलेत? एक पुरला नसता का?" प्रश्न रास्त आहे. तुमच्या कपाटाने त्याचं उत्तर दिलं तर फार बरं होईल. मी स्वतः ते अंड्यांवरून द्यायचो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक शेतात सर्रास वापरलं जाऊ लागलं. पुढे ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या घसरली, आणि अंडी घरट्यातच फुटलेली सापडू लागली. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहालयांतली आणि हौशी लोकांनी जमवलेली ससाण्याची जुनी अंडी काढली. ती पोकळ टरफलं होती, आतलं कधीच काढून टाकलेलं. प्रत्येकाचं वजन केलं आणि लांबी-रुंदी मोजली. त्याच आकाराची अंडी पूर्वी जड होती, मग साधारण १९४७च्या सुमाराला एकदम हलकी झाली, म्हणजे टरफल पातळ झालं. हे त्याने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या अंड्यांवरूनही तेच दिसलं. डीडीटी शरीरात मोडून जो पदार्थ तयार होतो, तो टरफलात कॅल्शियम बसू देत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेने तिथल्या शेतीत डीडीटीला बंदी केली.

यात लक्षात घ्या, ती अंडी जमवणाऱ्यांनी डीडीटीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. काहींनी तर नुसत्या हौसेपोटी घरटी लुटली होती आणि ते वाईटच. पण अंड्यावर साल लिहिलेलं होतं म्हणून पुढे उपयोग झाला. साल नसतं तर ती नुसती टरफलं होती. आणि एकच अंडं ठेवलं असतं तर 'पूर्वी' आणि 'नंतर' कुठून काढणार?

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत: ठेवा ते पक्षी. दोन वर्षांच्या नोकरीत साहेबांसमोर तोंड उघडणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. तो भार एकटीने वाहू नका.

दोन मुलांची आई:

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. माझी मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. संग्रहालयात शिरल्यावर ती कशाकडे धावतात हे मी डोळ्यांनी बघते. मोठं असेल तिकडे. सांगाडा, जबडा, हत्तीचा पाय. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. लंडनच्या संग्रहालयात १९०५ मध्ये डिप्लोडोकस या डायनोसॉरच्या सांगाड्याची प्रतिकृती बसवली. एकही हाड खरं नव्हतं, तरी पिढ्यान् पिढ्या मुलं त्याच्यासाठी आली. २०१७ मध्ये तिथे मोठ्या दालनात त्यांनी निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला, २५ मीटर लांब आणि खरा. तो मासा १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला. मुलांनी व्हिडिओ बघितला तेव्हा धाकटा कितीतरी वेळ काही बोललाच नाही. हे असं गप्प होणं मला महत्त्वाचं वाटतं. चिठ्ठी नंतर.

म्हणून उगाच कागदांचं कपाट करू नका, ही विनंती. १९ चिठ्ठ्या ओळीने लावल्या तर मोठी माणसं 'अरे वा' म्हणतील आणि पुढे जातील, मुलं तर थांबणारही नाहीत. एकच पक्षी घ्या. त्याला मधोमध ठेवा. मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. चिठ्ठीवर भिंग बसवा, हलवता येईल असं. मुलांना भिंग दिलं की ती काहीही वाचतात, हा माझा अनुभव आहे. आणि डोळ्याच्या रंगाचं जे तुम्ही लिहिलंत ते मोठ्या अक्षरात लिहा. कापसाचे डोळे बघून मुलं आधी घाबरतील आणि मग विचारतील की याचे खरे डोळे कसे होते. उत्तर चिठ्ठीत आहे, हे त्यांचं त्यांना सापडू दे.

दुर्बीण:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी रानपिंगळ्याची गोष्ट सांगतो. तुम्हाला अर्थात माहीत असेल, पण इथल्या बाकीच्यांसाठी सांगतो, आणि त्यात तुमच्या कामाचंही काही आहे.

रानपिंगळा हा आपल्याकडचा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी जणू गायबच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने, त्यातला एक मात्र १९१४चा, गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळालेला, रिचर्ड मायनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाच्या चिठ्ठीचा. लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोध घेत राहिले. सलीम अलींसारख्यांनाही तो सापडला नाही.

पुढे १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने ते सगळे नमुने तपासले. मायनर्टझागेनचे इतर पक्षीही संशयास्पद निघत होते. पक्ष्यात पेंढा भरणं हे हस्ताक्षरासारखं असतं. कोण कापूस किती दाबून भरतो, शिवण कुठे घेतो, काडी कुठवर घालतो, पंख कसे ठेवतो, हे प्रत्येकाचं वेगळं. क्ष-किरणांनी आणि बारीक तपासणीने दिसलं की १९१४चा म्हटलेला पिंगळा मुळात डेव्हिडसनच्या हातचा होता. कोणीतरी तो उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधली होती. म्हणजे चोरीचा माल. मांडवीची जागा खोटी, तारीखही खोटी.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा झाडावर उघड्यावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. मी स्वतः तो पक्षी पहिल्यांदा बघितला तेव्हा सातपुड्यात थंडी होती आणि ऊन नुकतं वर आलं होतं. तो शेपटी इकडून तिकडे झटकत होता. एका माणसाने खोटी चिठ्ठी बांधली नसती तर लोक योग्य जागी आधी गेले असते का, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

ताई, तुमच्या चिठ्ठ्या खोट्या नाहीत, नुसत्या सुट्या झाल्यात. तेव्हा पक्षी बोलतील. रजिस्टरमधून बघा, हे १९ पक्षी किती जणांनी गोळा केले होते. दोघांनी केले असतील तर दोन हात वेगळे ओळखता यायला हवेत. जनावरांच्या दवाखान्यात क्ष-किरणाचं यंत्र असतं, विनंती केली तर छोटे पक्षी बघून देतात. शिवाय पिसांची झीज बघा. नुकती पिसं बदललेल्या पक्ष्याच्या कडा ताज्या असतात, वर्ष उलटत आलेल्याच्या झिजलेल्या. चिठ्ठीतल्या महिन्याशी ताडून बघा. खाटकांत कोणी त्या वर्षीचं पिल्लू असेल तर त्याच्या अंगावर खवल्यांसारख्या बारीक आडव्या रेषा असतील.

कागदवेडा:

मी जुने कागद आणि कापड जपण्याचं काम करतो, पक्ष्यांतलं फारसं कळत नाही. पण तुमची पोस्ट वाचताना एका वाक्यावर अडलो. "२३ दोरे मी कापले." कुठे कापले? चिठ्ठीजवळ की पायाजवळ? कारण कापलेला दोरा नाहीसा होत नाही. तो दोन ठिकाणी राहतो. गाठ पायावर राहते आणि तुकडा चिठ्ठीच्या भोकात. तुम्ही नंतर तो काढून टाकला नसेल तर तुमच्या हातात १९ गाठी आणि १९ तुकडे आहेत. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दोरा सुती आहे की रेशमी की तागाचा, किती पदरी, पीळ डावा की उजवा, मेण लावलंय का, रंग पिवळला की तपकिरी झाला, हे सगळं बघता येतं. गाठसुद्धा माणसागणिक वेगळी असते. काहीही ओढू नका, सोडवू नका. आधी फोटो काढा.

दोन-तीन गोष्टी आणखी, कारण तुम्ही प्रदर्शन म्हणालात.

पक्षी स्वच्छ करायला घेऊ नका. काळी मळकट पोटं बघून कोणाला तरी तो मोह होतो. २०१७ मध्ये अमेरिकेत शेन डुबे आणि कार्ल फुल्डनर यांनी शिकागोच्या फील्ड म्युझियमसह काही संग्रहांतल्या १,३००हून जास्त पक्ष्यांच्या पिसांवरची काजळी फोटोंतून मोजली. १३५ वर्षांतली हवा कधी किती काळी होती ते त्या मळावरून निघालं. त्यात चंडोल कुळातला पक्षीही होता. कोणी ते धुऊन ठेवले असते तर सगळं गेलं असतं.

जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावायची पद्धत होती. मुलांना हात लावू देऊ नका, तुम्हीही हातमोजे घाला. उजेड ५० लक्सच्या वर नको. कपाटात शिरण्याआधी लाकूड आणि कापड कसर-भुंगेऱ्यांसाठी तपासून घ्या. त्या केसाळ अळ्या एका पावसाळ्यात अख्खा पक्षी पोखरतात. शंका असेल तर पक्षी पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण जाईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पिसांवर दव धरतं.

शेवटचं जरा कठोर वाटेल. रिओ दी जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय १८१८चं. जून २०१८ मध्ये त्याची द्विशताब्दी साजरी झाली. त्याच महिन्यात दुरुस्तीसाठी मोठ्या निधीचा करारही झाला, त्यात आगीपासून संरक्षणाची कामं होती. पैसे पोचायच्या आत, २ सप्टेंबरच्या रात्री इमारत जळाली. सुमारे २ कोटी वस्तूंतल्या बहुतेक गेल्या. लुझिया नावाने ओळखली जाणारी ११,००० वर्षांहून जुनी कवटी ढिगाऱ्यातून तुकड्या-तुकड्यांनी शोधून काढावी लागली. वनस्पतींचा संग्रह वेगळ्या इमारतीत होता म्हणून वाचला. त्याआधी दोनच वर्षं, २६ एप्रिल २०१६ला, दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयही असंच जळालं होतं. म्हणून सांगतो, नव्या दिव्यांची वायरिंग चालू असताना कोणीतरी मागच्या खोल्यांकडे बघतंय ना? आणि रजिस्टर. त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन वेगळ्या जागी ठेवा. हे कपाटाच्या आधी करा.

खणातली चिमणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण तुम्ही सांगितलंत ते करत होते.

कागदवेडा, तुमची पोस्ट वाचली त्या दिवशी रविवार होता. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी तो खण उघडला. गाठी आहेत. १९च्या १९ पायांवर आहेत. मी चिठ्ठीजवळ कापलं होतं. २५ वर्षं ते पक्षी माझ्यासमोर होते आणि मी कधी पायांकडे बघितलं नव्हतं, कारण त्या खणाकडे बघणंच नको वाटायचं.

रजिस्टरप्रमाणे हे पक्षी दोघांनी गोळा केले. एक रेल्वेत नोकरीला होते, दुसरे डॉक्टर. भिंगाखाली तेरा गाठी एकसारख्या दिसल्या: साधा पांढरा सुती दोरा, दुपदरी, साधी गाठ, टोकं आखूड. उरलेल्या सहांचा दोरा वेगळा. तपकिरी, बारीक, अजून चमक असलेला. रेशीम. आणि गाठीत पहिला वेढा एकदा न घेता दोनदा घेतलेला. आमच्याकडे एक बाई स्वयंसेवक म्हणून येतात, त्या पूर्वी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. त्यांना भिंगातून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "ही शल्यचिकित्सेची गाठ. टाका सैल पडू नये म्हणून असाच दुहेरी वेढा देतात." डॉक्टरांनी जखम शिवायच्या रेशमाने पक्षी शिवले होते आणि चिठ्ठ्याही त्यानेच बांधल्या होत्या. पोटाकडची शिवण हलकेच पिसं सारून बघितली, तिथेही तेच रेशीम.

डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठ्या सहाच. तीन चंडोलांच्या, दोन खाटकांच्या, एक धोब्याची. रेशमी गाठीचे पक्षीही तीन चंडोल, दोन खाटीक, एक धोबी. धोबी तिथेच जुळला. दोन खाटकांतला एक पूर्ण वाढलेला, दुसऱ्याच्या अंगावर दुर्बीण म्हणाले तशा बारीक आडव्या रेषा, म्हणजे त्या वर्षीचं पिल्लू. एक चिठ्ठी जानेवारीची, एक ऑगस्टची. नुसत्या महिन्यावर मी विसंबले नाही. जानेवारीच्या चिठ्ठीवर पंख ८७ मिलिमीटर लिहिलाय. मोठ्या पक्ष्याचा आज ८६ भरला. सुकल्यावर पंख किंचित आखडतो, तेव्हा हे बरोबर आहे. पिल्लाचा त्याहून बराच कमी आणि ऑगस्टच्या चिठ्ठीवरच्या मापाशी जुळतो. म्हणजे तीन पक्ष्यांची खात्री झाली.

तीन चंडोलांचं जमलं नाही. तिन्ही चिठ्ठ्या एकाच आठवड्यातल्या, एकाच माळावरच्या, मापांत अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक. रेल्वेवाल्यांच्या तेरांचं काम अजून चालू आहे. त्यांचे क्ष-किरण पुढच्या महिन्यात करून मिळणार आहेत. खात्री नसलेल्या एकाही पायाला मी चिठ्ठी बांधणार नाही. त्यांना नव्या कागदावर 'या तिघांपैकी एक' असं लिहून सोबत ठेवलंय. तेवढीसुद्धा माहिती कालपर्यंत नव्हती. निदान आता अभ्यासकांना सांगता येईल की हे तीन चंडोल अमुक माळावरचे, अमुक आठवड्यातले.

चंडोलांची पोटं मी पुसायला काढणार होते, हे कबूल करते. कापूस आणि ब्रश टेबलावर आणून ठेवले होते. ते परत नेले.

आईताई, तुमचं पूर्ण पटलं. कपाटात मधोमध एकच पक्षी असेल, ऑगस्टचं ते खाटकाचं पिल्लू, साडेतीन फुटांवर, सरकत्या भिंगासह. चिठ्ठी इंग्रजीत आहे, शेजारी मराठी देतेय. 'डोळे गडद तपकिरी. चोच शिंगाच्या रंगाची, बुडाशी गुलाबीसर. पोटात टोळ आणि एक भुंगेरा. संध्याकाळी, बाभळीवर, पावसानंतर.' शेवटचे तीन शब्द डॉक्टरांनी का लिहिले असतील कोण जाणे. शास्त्राला त्यांची गरज नव्हती. त्याच्या डाव्या हाताला तीन चंडोल आणि त्यांच्यासमोर तीन सुट्या चिठ्ठ्या. फळा आणि खडू सर, तुमच्यासाठी उजवीकडे एकाच जातीचे नऊ धोबी ठेवतेय, वेगवेगळ्या दशकांतले, चिठ्ठ्यांसकट. 'एक पुरला नसता का' हा प्रश्न तुमच्याच शब्दांत वर लिहीन, चालेल ना?

रजिस्टरच्या ६४० पानांपैकी २१२ पानांचे फोटो झालेत. वायरिंगचं काम चालू असेल त्या दिवशी मागच्या खोलीत एक माणूस बसून राहील, हे लेखी मंजूर करून घेतलंय.

कपाटावरच्या मजकुराचा मसुदा प्रमुखांना दाखवला. मी लिहिलं होतं, 'अमृतमहोत्सवी प्रदर्शनाच्या वेळी या चिठ्ठ्या सुट्या झाल्या.' त्यांनी वाचून विचारलं, "सुट्या कशा झाल्या?" मी घरी जाऊन वाक्य बदललं. 'अमृतमहोत्सवी प्रदर्शनाच्या वेळी आम्ही या चिठ्ठ्या कापल्या.' ते तसंच मंजूर झालं.

दोन मुलांची आई:

मुलांना वाचून दाखवलं. थोरला विचारतोय, पिल्लाची चिठ्ठी परत बांधताना जुनाच दोरा वापरणार का?

खणातली चिमणी:

नाही, जुन्या गाठीला हात लावणार नाही, ती आहे तशीच पायावर राहील. चिठ्ठीला जुन्याच भोकांतून नवा सुती दोरा ओवून वेगळा बांधणार. पुढे कोणाला कोणता दोरा कधीचा हे कळावं म्हणून रजिस्टरमध्ये तारीख घालून नोंद करतेय. गाठ मात्र डॉक्टरांसारखीच घालायची ठरवलंय. नर्सबाई शिकवतायत. गेले दोन दिवस सुतळीच्या तुकड्यावर सराव चाललाय, दुसरा वेढा अजून घट्ट बसत नाही.